शस्त्र उरले, कागद गेला

खंडेनवमी जवळ आली म्हणजे वाशीम जिल्ह्यातील पुष्कळ जुन्या घरांत एक ठरलेला विधी सुरू होतो. माळ्यावरची किंवा देवघराच्या कोनाड्यातील तलवार खाली उतरते. घरातील कर्ता पुरुष अंगणात पाट मांडून बसतो, आणि चिंचेचा कोळ, राख व विटेची वस्त्रगाळ पूड घेऊन ते पाते आरशासारखे लखलखीत होईपर्यंत घासतो. मग गंध, अक्षता आणि झेंडूची माळ. एखादे चौकस पोर विचारते, "आजोबा, ही तलवार कोणाची?" उत्तर मिळते, "आपल्या पूर्वजांची, बाळ. शिवकालातली आहे." पोराचे समाधान होते, आजोबांचेही होते, आणि तलवार पुनः वर्षभरासाठी अंधारात जाते.

या संवादातील प्रश्न खरा असतो. उत्तर मात्र बहुधा कोणास ठाऊकच नसते. तीन-चार पिढ्यांमागे ते कोणास तरी ठाऊक होते, त्याने ते आपल्या मुलास सांगितले होते, कदाचित लिहूनही ठेवले होते. आपण शस्त्र जपले, हकीकत जपली नाही. जुनी शस्त्रे, पदके व इतर युद्धविषयक वस्तू जमविण्याची हौस अलीकडे सुशिक्षित कुटुंबांत वाढत आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु वस्तू जमविणे आणि वस्तू जाणणे यांत अंतर फार आहे. या अंतराविषयी चार शब्द लिहिण्याचा अधिकार आम्हांस एका चुकीने मिळाला आहे. ती चूक प्रथम सांगितली म्हणजे पुढील विवेचन वाचकांस रुक्ष वाटणार नाही.

सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी आम्ही मालेगाव तालुक्यातील एका खेड्यात शिक्षक होतो. शाळेत ऐतिहासिक वस्तूंचे प्रदर्शन भरविण्याची कल्पना आमचीच. गावातील एका जुन्या वतनदार घराण्यातील मुलगा घरची तलवार घेऊन आला. तिच्यावर वरून जाड सुती फडके होते, आणि फडक्याच्या आत पात्याभोवती जाड हातकागदाचे दोन-तीन बंद गुंडाळलेले होते. तेलाने ते पात्यास चिकटून तपकिरी पडले होते. कागदावर मोडी अक्षरे होती. आमचे शिक्षण संस्कृताचे. मोडी आम्हांस वाचता येत नव्हती. "जुना हिशेबाचा कागद असावा, गंज लागू नये म्हणून गुंडाळला," असे आम्ही मोठ्या ऐटीत मुलांस सांगितले, तो सोलून काढला आणि बाजूस टाकला. शाळेच्या शिपायाने दुसऱ्या दिवशी त्यावर चहाची चूल पेटविली. मुलांनी विटकरीने पाते घासले. मुठीलगत अक्षरांसारख्या काही रेघा दिसत होत्या. त्या गंजाच्या समजून आम्ही त्याही घासावयास लाविल्या. प्रदर्शन उत्तम झाले. पाहुण्यांनी तलवारीची वाहवा केली.

आठ दिवसांनी त्या घराण्यातील वृद्ध गृहस्थ शाळेत आले. हातात काठी, डोक्यास रुमाल. ते म्हणाले, "गुरुजी, तलवार पोचली. तिची चिठ्ठी तेवढी राहिली असेल, ती द्या."

आम्ही काय झाले ते सांगितले. ते रागावले नाहीत. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठताना म्हणाले, "मलाही मोडी येत नव्हती, म्हणून मीही कधी वाचून घेतली नाही. पण तलवारीसारख्या तलवारी गावोगाव आहेत, गुरुजी. चिठ्ठी तेवढी एक होती."

या वाक्याने आम्हांस मोडी शिकविली. एका निवृत्त कारकुनांकडे सहा महिने जाऊन आम्ही ती लिपी पक्की केली. आपल्या अपराधाचे थोडे तरी क्षालन करावे, निदान त्या वृद्धांच्या स्मरणात असेल तेवढे लिहून घ्यावे, असे ठरवून आम्ही पुनः त्या गावी गेलो, तेव्हा ते निवर्तले होते. नातवास विचारले. तो म्हणाला, "आजोबा अडगावचे काही तरी सांगत. मी लक्ष दिले नाही." एवढा एक शब्द हाती लागला: अडगाव.

हा शब्द पुरेसा आहे काय? पाहू या.

अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे २९ नोव्हेंबर १८०३ रोजी नागपूरकर भोसल्यांचे सैन्य व शिंद्यांचे घोडदळ यांची जनरल वेलस्लीच्या फौजेशी लढाई झाली. इंग्रज ग्रंथकार हिलाच 'अरगाव' म्हणतात. लढाई हरल्यावर भोसल्यांचे लोक गाविलगडाकडे हटले. १५ डिसेंबर रोजी तो किल्लाही पडला, किल्लेदार बेनीसिंग कामास आला, आणि १७ डिसेंबर रोजी देवगावचा तह होऊन वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाडावरचा भोसल्यांचा हक्क संपला. तो मुलूख पुढे निजामाच्या पदरी पडला. तेव्हा त्या तलवारीचा धनी भोसल्यांच्या बाजूने लढला असेल असे आपले मन लगेच म्हणते. परंतु वेलस्लीच्या बाजूसही निजामाची व म्हैसूरची घोडेस्वारांची पथके होती, आणि वाशीमचा परगणा त्यापूर्वी कित्येक वर्षे दुअंमली होता. म्हणजे वसुलाचे धनी दोन, एक निजाम व एक भोसले. इकडील शिपाईगडी कोणाच्याही चाकरीत असू शकत. शिवाय रणांगणावर पडलेली तलवार आसपासच्या खेडुताने उचलली, पुढे ती बाजारात विकली, आणि वतनदाराने विकत घेतली, हेही घडू शकते. किंवा अडगाव ही केवळ सोयरीक असेल आणि तलवार आंदणात आली असेल! त्या दोन-तीन बंदांत यांपैकी एक गोष्ट लिहिलेली असावी. आता आम्हांस चारही सारख्याच संभवनीय आहेत, आणि जेथे चार गोष्टी सारख्या संभवनीय असतात तेथे इतिहास संपून कल्पना सुरू होते.

आपल्या धर्मशास्त्रकारांनी मालकीच्या वादासंबंधी दोन शब्द योजिले आहेत: भोग आणि आगम. भोग म्हणजे वस्तूचा ताबा व वापर. आगम म्हणजे ती वस्तू कोणाकडून, कशी, कोणत्या हक्काने आली ती वाट. याज्ञवल्क्यांच्या मते भोगापेक्षा आगम बलवत्तर. मात्र पूर्वजांच्या क्रमाने चालत आलेल्या भोगास त्यांनी सूट दिली आहे. न्यायाधीशाने ही सूट अवश्य द्यावी. इतिहासाने मात्र ती देता कामा नये. तलवार आमच्या घरी सात पिढ्या आहे, एवढ्याने ती कोणाची, कोठली व कोणत्या लढाईतली हे सिद्ध होत नाही. संग्राहकाजवळ भोग असतो. संशोधकास आगम लागतो.

हा आगम वस्तूच्या अंगावरून ओळखता येत नाही काय, असा प्रश्न येथे कोणी करील. थोडा येतो, पण पुष्कळ फसवितो. तलवारीचेच पाहा. जिला आपण 'फिरंग' म्हणतो तिचे पाते बहुधा युरोपातून आलेले आणि मूठ इकडे बसविलेली. जर्मनीतील पासाउ व सोलिंगेन या गावांच्या पात्यांवर धावत्या लांडग्याची खूण असे, आणि त्या पात्यांची कीर्ती एवढी झाली की इतर ठिकाणचे कारागीर तीच खूण आपल्या मालावर कोरू लागले. तेव्हा खूण दिसली म्हणून पाते जर्मन ठरत नाही, आणि पाते जर्मन ठरले तरी ते धरणारा हात कोणाचा हे ठरत नाही. पाते एका शतकातले, मूठ दुसऱ्या शतकातली, म्यान तिसऱ्या पिढीने शिवून घेतलेले, असे तर सर्रास आढळते. कारण शस्त्र ही वापरावयाची वस्तू होती, मोडले की दुरुस्त होई.

उत्तम देशी पोलादाच्या पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी जी नक्षी दिसते, तिला जाणकार 'जौहर' म्हणतात. तेलंगणातील कोनासमुद्रम् येथे असे पोलाद तयार होई व इराणपर्यंत जाई. पोलादाच्या पोटातील घटकांच्या मांडणीमुळे ही नक्षी उमटते, आणि पृष्ठभाग ठरावीक रीतीने घासून व सौम्य तेजाब लावून ती कारागीर प्रकट करीत. आमची चिंच आणि वीट दर खंडेनवमीस तीच पुसून टाकते. शंभर वर्षे भक्तीने केलेली पूजा एखाद्या शत्रूने केली नसती एवढी हानी करिते, हे लिहिताना आम्हांस वाईट वाटते. कारण आम्हीही ती केली आहे.

तोफेच्या गोळ्यांची गोष्ट याहून मौजेची आहे. कारंजा तालुक्यात एका सद्गृहस्थांनी आम्हांस दिवाणखान्यात मांडलेला लोखंडी गोळा मोठ्या अभिमानाने दाखविला. गाविलगडावर पडलेला इंग्रजांचा गोळा, अशी त्याची ख्याती. आम्ही तराजू मागविला. इंग्रजी भरीव गोळे वजनावरून ओळखले जात: तीन, सहा, नऊ, बारा, अठरा, चोवीस पौंडी. सहा पौंडी गोळ्याचा व्यास सुमारे साडेतीन इंच, बारा पौंडीचा चार इंचांहून किंचित अधिक, अठरा पौंडीचा पाच इंच. हा गोळा भरला ७ किलो २६० ग्रॅम, म्हणजे सोळा पौंड. देशी तोफांस मापांचा धरबंध नसे, म्हणून केवळ वजनावरून निकाल देऊ नये हे खरे. पण ७ किलो २६० ग्रॅम हा आकडा ज्याने शाळेत तीस वर्षे काढली तो विसरत नाही. पुरुषांच्या गोळाफेकीच्या गोळ्याचे ते नियमाचे वजन आहे! आम्ही हळूच विचारले, "आपल्या घरी कोणी शाळेत होते काय?" गृहस्थ म्हणाले, "आमचे काका क्रीडाशिक्षक होते." त्यानंतर चहा आला व आम्ही विषय बदलला.

पदकांची गोष्ट वेगळी. पदक हे एकच युद्धचिन्ह असे आहे की जे पुष्कळदा आपला आगम अंगावर वागविते. १८०३ ते १८२६ या काळातील लढायांसाठी इंग्रज सरकारने १८५१ साली एक रौप्यपदक काढले. त्यावर लढायांच्या नावांच्या एकवीस पट्ट्या होत्या. त्यांत असई, अरगाव, गाविलगड, सीताबर्डी ही आपल्या ओळखीची नावे आहेत. अडगावच्या लढाईनंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी जे जिवंत होते त्यांनाच ते मिळाले. म्हणून ते दुर्मिळ. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धातील रौप्यपदके मात्र गावोगाव आली. एका बाजूस पंचम जॉर्ज बादशहाचे मुख व दुसऱ्या बाजूस घोड्यावर बसलेला पुरुष असे ते पदक पुष्कळांनी पाहिले असेल. सैन्याबरोबर गेलेल्या बिगरलढाऊ नोकरांस तेच ब्राँझचे मिळाले. या पदकाच्या कडेवर, म्हणजे रुपयास जेथे दाते असतात तेथे, बारीक अक्षरांत शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण कोरलेली असते. भिंग घेऊन ती ओळ वाचली की मुकी चांदी बोलू लागते. पलटण कळली की ती कोठे लढली हे पुस्तकांवरून कळते. शिपाई परदेशी कामास आला असेल, तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदीत त्याचे नाव सापडू शकते. फ्रान्समधील नव्ह शापेल येथील स्मारकावर ४७०० हून अधिक हिंदी लोकांची नावे आहेत. इराकात बसरा येथेही असेच स्मारक आहे.

आणि अशी ही पदके जातात कोठे? एका बाजारपेठेच्या गावी सोनाराच्या मोडीच्या चांदीत आम्ही एक पाहिले. मागे नथीसारखी कडी डाखलेली. बहुधा पोराच्या गळ्यात घातले असावे. कडी नीट बसावी म्हणून कड कानशीने घासलेली होती. चांदी तोळ्याहून अधिक भरली. तिचे पैसे त्या कुटुंबास मिळाले, आणि ते गरजेचे असतील, त्यास आमचा आक्षेप नाही. पण विकण्यापूर्वी कोणी त्या कडेवरील ओळ कागदावर उतरून घेतली असती, तर चांदी गेली तरी माणूस राहिला असता.

कडेवरील नाव वाचल्यावरही घाईने निष्कर्ष काढू नये, याचे एक उदाहरण आपल्या वऱ्हाडाचेच आहे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला, तो हैदराबाद कंटिन्जंट नामक फौजेच्या खर्चासाठी; म्हणजे आपल्या काळ्या जमिनीचा सारा त्या फौजेच्या पगारास जात असे. वाशीमच्या दक्षिणेस हिंगोली येथे तिची छावणी होती. या फौजेच्या पूर्वीच्या पलटणींनीच जानेवारी १८१९ मध्ये नोव्हाच्या गढीत नौसाजी नाईक हटकराचा पाडाव केला, आणि 'नोव्हा' हे नाव पुढे रणमान म्हणून पलटणींच्या निशाणावर चढले. १९०३ साली तिच्यातील एका पलटणीस '९६ वी बेरार इन्फन्ट्री' असे नाव मिळाले. नाव वऱ्हाडाचे, पण शिपाई पुष्कळसे उत्तर हिंदुस्थानातील! पुढे १९२२ च्या सुमारास पलटणींची पुनर्रचना होऊन ती हैदराबाद रेजिमेंटमध्ये गेली, आणि २७ ऑक्टोबर १९४५ रोजी त्या रेजिमेंटचे नाव कुमाऊं रेजिमेंट झाले. म्हणून आज वऱ्हाडी पलटणीचा माग काढणाऱ्यास हिमालयाच्या पायथ्याकडे, राणीखेतच्या रेजिमेंट केंद्राकडे पाहावे लागते. कुमाऊं रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीस 'बेरार' हे नाव अद्याप आहे.

यावरून वाचकांच्या ध्यानात येईल की आपला जिल्हा शस्त्रांच्या वाटेवर वसलेला आहे. १६७० साली सुरतेनंतर शिवाजी महाराजांच्या फौजा कारंज्यापर्यंत आल्या व त्या धनाढ्य पेठेतून अलोट संपत्ती घेऊन गेल्या. पुढे मोगल, निजाम, भोसले यांची ये-जा झाली. वाशीमचे बालाजीचे देऊळ बांधणारे भवानी काळू हे भोसल्यांचेच सरदार. मग इंग्रज व कंटिन्जंट आले. एवढ्या सैन्यांच्या वाटेवर सापडलेले प्रत्येक पाते 'शिवकालीन' कसे असेल? पण हौस वाढली की बाजारही वाढतो. नवीन पाती तेजाबात बुडवून, मातीत पुरून 'जुनी' केलेली शहरांत विकली जातात, आणि त्यांबरोबर एक रसभरित कथा फुकट मिळते. खऱ्या वस्तूची हकीकत बहुधा त्रोटक, अर्धवट व थोडी अडचणीची असते. कथा जितकी सुबक, तितके सावध राहावे.

अडचणीची म्हणण्याचे कारण असे की आगम शोधताना नको ते उत्तर निघण्याचा संभव असतो. पूर्वज भोसल्यांकडून न लढता कंपनीच्या किंवा निजामाच्या पगारावर होता, असे निघेल. तलवार पराक्रमाची नसून गहाणाची निघेल. काही कुटुंबांत असे कागद मुद्दाम नाहीसे केल्याचे आम्ही ऐकले आहे. आमचे नम्र मत असे की पूर्वजांस आपण पुत्रधर्माने तर्पण करावे, इतिहास म्हणून मात्र जसे होते तसेच पाहावे. त्यांचे पोट, त्यांचा काळ व त्यांच्या निष्ठा त्यांच्या होत्या. खोट्या गौरवाने त्यांचे पाणी वाढत नाही.

कागदाची थोरवी सांगावयास महाराष्ट्रात नवे उदाहरण नकोच. वाई येथे हाती आलेल्या जुन्या दप्तरातून राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला, आणि पानिपतच्या मोहिमेची कित्येक पत्रे जगापुढे आली. पानिपताच्या तलवारी म्हणून दाखविल्या जाणाऱ्या तलवारी पुष्कळ असतील. पण ती मोहीम आपणांस कळली ती कागदांनी. पुण्यास दिनकर केळकरांनी आपल्या अकाली गेलेल्या राजा नामक पुत्राच्या स्मरणार्थ जे संग्रहालय उभारले, त्यातही शस्त्रे आहेत आणि पानाचे डबे व दिवेही आहेत. कारण शस्त्र धरणारा माणूस घरातही राहत होता, हे त्या रसिकाने ओळखले होते. आणि दूर कशास जावे? १९३९ साली वाशीम येथेच वाकाटक राजा विंध्यशक्ती याचा ताम्रपट मिळाला, त्याच्या कारकीर्दीच्या सदतिसाव्या वर्षाचा. त्या चार पत्र्यांवरील लेखामुळे वत्सगुल्म, म्हणजे आपले वाशीम, येथे वाकाटकांची स्वतंत्र शाखा राज्य करीत होती हे विद्वानांस कळले. ते पत्रे कोणी तांबटाच्या भट्टीत टाकले असते, तर तांबे आले असते आणि राजघराणे गेले असते.

आता घरगुती उपाय. हे आम्ही विशेषतः गृहिणींस उद्देशून लिहितो. कारण दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत माळ्यावरचे काय रद्दीवाल्यास जावे व काय राहावे, याचा निर्णय बहुधा त्यांचाच असतो.

पहिली गोष्ट: जुन्या शस्त्राभोवती, पेटीच्या तळाशी, म्यानाच्या अस्तरात किंवा रुमालात बांधलेला कोणताही कागद, न वाचता येणारा असला तरी, टाकू नये, न वाचता येणारा असल्यास तर मुळीच टाकू नये. चिकटपट्टी लावू नये, प्लॅस्टिकमध्ये कायमचा बंद करू नये. स्वच्छ धुतलेल्या सुती कापडात ठेवून शेजारी वेखंडाची पुरचुंडी ठेवावी, म्हणजे कसर लागत नाही. कागद पात्यास चिकटला असेल तर सोलू नये. आहे तसा जाणकाराकडे न्यावा.

दुसरी: शस्त्र घासू नये. मऊ कोरड्या फडक्याने धूळ पुसावी व शिवणयंत्राच्या तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. खंडेनवमीस पूजा अवश्य करावी. परंतु ओले गंध व हळदकुंकू पात्यावर न लाविता समोर सुपारी मांडून तिच्यावर वाहावे. देव भावाचा भुकेला आहे, गंजाचा नव्हे.

तिसरी: एक वही करावी. वस्तूचे वर्णन, लांबी, वजन, अंगावरील सर्व खुणा, ती घरात कोठे असे, कोणी दिली, आणि घरातील वृद्ध माणसे तिच्याविषयी जे सांगतात ते त्यांच्याच शब्दांत, सांगणाऱ्याचे नाव व तारीख घालून लिहावे. दोघांच्या हकीकती जुळत नसल्या तर दोन्ही लिहाव्या, जुळवू नयेत. "आजोबा म्हणत" आणि "कागदात आहे" ही दोन वाक्ये कधी एक करू नयेत. जवळ छायाचित्र लावावे.

चौथी: कागदावर जुना सन असेल तर घाबरू नये. शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो. दक्षिणी फसलीत ५९०. आणि अरबी शब्दांत लिहिलेल्या शुहूर सनात ५९९ किंवा ६००. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर व हजार, म्हणजे ११६१. त्याचे १७६०-६१, म्हणजे पानिपताचे वर्ष. मोडी वाचणारे अद्याप आहेत. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात १९१० पासून हेच कार्य चालले आहे. आणि मोडी शिकणे आपण समजतो तेवढे कठीण नाही. साठीच्या उंबरठ्यावरील एका गृहस्थांस आम्ही चार महिन्यांत शिकविली आहे.

पाचवी, कायद्याची. शेतात नांगरताना किंवा पाया खणताना पुरलेली मौल्यवान वस्तू सापडली, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे ती जिल्हाधिकाऱ्यांस कळवावी लागते. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने 'पुरावस्तू' ठरते. ती खाजगी माणसास परदेशी पाठविता येत नाही. जुनी बंदूक घरात असल्यास ती निकामी आहे किंवा नाही हे १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. म्हणून आपल्या समजुतीवर न राहता पोलिस ठाण्यात विचारून घ्यावे. आणि ठासणीची बंदूक भरलेली नाही असे कधीही गृहीत धरू नये. शंभर वर्षांमागे ठासलेली दारूही दगा देऊ शकते.

एवढे केले म्हणजे संशोधन झाले असे नाही. पण पुढे कोणी संशोधक आला, तर त्यास करावयास काही उरेल. आम्ही ज्या घराण्याचा कागद घालविला, तेथे आता वरील प्रकारची वही आहे. तीत आमच्या हाताने पहिले पान लिहिलेले आहे: तलवार, एक, लांबी व वजन अमुक, मुठीलगत पूर्वी अक्षरे असावीत, ती शाळेत घासली गेली, सोबतचा मोडी कागद आमच्या अज्ञानामुळे जळाला, 'अडगाव' असा शब्द नातवाच्या स्मरणात आहे, अधिक माहिती नाही. खाली आमची सही व तारीख. हे पान लिहिताना हात जड झाला. पण तेही त्या तलवारीच्या हकीकतीचे एक पान आहे, आणि खरे आहे.

गेल्या खंडेनवमीस त्या घरी आम्हांस बोलावणे होते. नातवाची मुलगी पाचवीत आहे. तिने तलवारीकडे बोट दाखवून तोच जुना प्रश्न विचारला, "ही कोणाची?" तिच्या वडिलांनी 'शिवकालातली' असे म्हटले नाही. त्यांनी वही काढून तिच्या हाती दिली. तिने आमचे पान पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचले, आमची सही वाचली, आणि मग आमच्याकडे पाहिले.

यंदा आपल्या घरी शस्त्र खाली उतरेल, तेव्हा वाचकांनी वीट बाजूस ठेवावी, आणि घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ वही घेऊन बसावे. पाते पुढल्या वर्षीही तेथेच असेल. सांगणारा असेलच असे नाही.